स्टोकर ताकसांडेंचा चौथा बिल्ला

"मंग मी कोणाची बायको म्हणाची? त्या प्रेमदासची?"

"काहीबी बोलून राह्यली तू."

"काहीबी कायचं? माह्या बापानं इथं देवळीत, जयंतीच्या मिरवणुकीत तुमच्या छातीवरचा बिल्ला पायला अन् घरी येऊन चहा पेता पेता मले देऊन टाकली. म्हणे, लढाई मारून आलेला पोरगा आहे. आता तुमी म्हणता, बिल्ला माहा नाई. एकोणपन्नास वर्षं मी राख लावून लावून घासला तो. एखाद्या साली तरी सांगाचं होतं, बाई, दुसऱ्याचं घासून राह्यली म्हणून."

"म्हणून तर परत नेऊन देतो म्हणतो."

"कोणाले देता? माणूस तर मेला म्हणता."

"त्याची बायको आहे. आष्टीले."

"तिनं मांगतला का?"

गुलाबराव ताकसांडे वरच्या पंख्याकडे पाहत राहिले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, अंगात बनियन, पाय खाटेखाली लोंबकळत. शेजारी कापडी पट्टीवर चार बिल्ले ओळीनं टाचलेले. उंबऱ्याशी सुलोचनाबाई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या आणि प्रत्येक वाक्याला सूप जरा जास्तच जोरात आपटत होत्या.

दोघांच्या मधे नात मोनाली पाण्याची बाटली भरत उभी होती. वर्ध्याला एका लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करते, आजीआजोबांकडे राहते, आणि या भांडणाचं मूळही तीच. वस्तीतल्या विहारात यंदा चौदा एप्रिलला पाटी लागणार होती. वस्तीतून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं संगमरवरावर, त्यात पहिलं गुलाबरावांचं. समितीचा सचिव कैलास म्हणाला, बिल्ल्यांचे फोटो पाठव. मोनालीनं पाठवले, पण त्याआधी सवयीनं मागची बाजूही पाहिली. तीन बिल्ल्यांवर आजोबांचा नंबर आणि नाव. चौथ्यावर, म्हणजे मानानं सगळ्यात आधी लागणाऱ्या त्या पंचकोनी ताऱ्यावर, इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं भलतंच नाव.

"आबाजी, हे प्रेमदास सोमकुवर कोण?" तिनं सहज विचारलं होतं.

त्याला चार दिवस झाले. चार दिवसांत घरात धड स्वयंपाक झाला नव्हता.

"आजी, आम्ही निघतो," मोनाली म्हणाली. "आर्वीची बस धरावी लागते वर्ध्याहून. ऊन चढेल."

"निंघा. मी कोणाले धरलं?" सूप आपटलं. "पण तिथं चहा देल्ला तर पेऊन येजा. चोर म्हणून उपाशी नका येऊ."

गुलाबरावांनी पट्टीवरून तारा सोडवला. टाचणी गंजलेली होती, बोटात शिरली. त्यांनी बोट तोंडात घातलं, तारा रुमालात बांधला आणि सदरा चढवला.

स्टँडवर कैलास भेटला. मोटरसायकल बंद न करताच बोलला.

"आबाजी, पाटी आली वर्ध्यावरून. पयलं नाव तुमचं. बाकीच्याइच्या पुढं नुसतं माजी सैनिक. तुमच्या पुढं युद्धवीर लिवलं खास."

"ते काढ, कैलास."

"दगडावरचं कसं काढता?"

"मी लढाईत नोतो बापा."

"तुमी नेवीत होते का नोते?"

"होतो."

"तवा लढाई होती का नोती?"

"होती."

"मंग?" कैलासनं गाडी गिअरमध्ये टाकली. "तुमी बम साधे आहा आबाजी. लोक न केलेलं सांगतात, अन् तुमी केलेलं लपवता."

बस लागली. गुलाबराव खिडकीशी बसले.

नेव्हीत ते गेले अडुसष्ट साली, अठराव्या वर्षी. नागपूरला भरती होती. समुद्र कोणी पाहिलेला नव्हता, मास्तरांनी नकाशात दाखवलेला निळा रंग तेवढा. भरतीच्या साहेबानं विचारलं, काय काम करशील. गुलाब म्हणाला, जे द्याल ते. जे देतील ते म्हणजे स्टोकर, जहाजाच्या पोटातली भट्टी सांभाळणारा. लोणावळ्याच्या डोंगरात त्यांनी बॉयलर शिकवला, आणि मग विशाखापट्टणमला एका जहाजावर पाठवलं. समुद्र तिथं होता. पण गुलाबच्या वाट्याला तो फारसा आला नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यानं समुद्र पाहिला असेल तो ड्यूटी संपल्यावर, वर येऊन, डोळे चोळत, झोप येईपर्यंतचा.

खाली जायला लोखंडी शिडी. शिडीच्या शेवटी दोन दारं, एकामागे एक. पहिलं नीट लागल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, कारण आत हवा दाबून भरलेली असते. दोन्ही दारं एकदम उघडली तर भट्टीतली आग उलटी तोंडावर येते. मधल्या खोक्यात उभं राहिलं की कान दडपायचे. मग दुसरं दार, आणि देवळीचा मे महिना सावलीसारखा वाटावा अशी गरमी. काम काय, तर काचेच्या नळीतलं पाणी पाहायचं. पाणी खाली गेलं तर बॉयलर फुटतो, वर गेलं तर इंजिनात पाणी जातं. चार तास त्या बोटभर नळीवरून नजर हलवायची नाही. दुसऱ्यानं तेलाचे फवारे सांभाळायचे आणि आरशातून चिमणीचा धूर पाहायचा. काळा धूर नको, दुरून दिसतो. पांढरा नको, तेल वाया जातं. धूर दिसलाच नाही पाहिजे. कोणी चांगलं काम केलं तर त्याचा काही पुरावा मागे उरत नाही, असं ते काम.

धूर पाहणारा प्रेमदास. आष्टीचा, बुटका, काटकुळा. जिल्हा एकच म्हणून दोघांना एका पाळीत टाकलं. बॉयलर साफ करायच्या वेळी त्याच्या पोटात शिरायचं असे, माणूस जेमतेम मावेल एवढ्या भोकातून. त्यात प्रेमदासच जायचा. गुलाब बाहेर दिवा धरून, आत गेलेलं प्रत्येक हत्यार बाहेर आलं का ते मोजत बसायचा. पंख्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून हातवारे ठरले. साहेबलोकांचे वेगळे, या दोघांचे वेगळे. छातीवर दोन बोटं म्हणजे घरचं पत्र आलं. नाक दाबलं म्हणजे मुख्य स्टोकर येऊन राहिला. हनुवटीखाली मूठ म्हणजे 'तुह्या सासऱ्याले सांग', आणि तेव्हा दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं.

एकाहत्तरचा नोव्हेंबर संपता संपता गुलाबच्या अंगावर कांजण्या उठल्या. जहाजावर पसरतील म्हणून डॉक्टरनं त्याच दिवशी खाली उतरवलं आणि दवाखान्यात वेगळ्या खोलीत टाकलं. दोन दिवसांनी जहाज सुटलं. लढाई झाली. ती तेरा दिवसांत संपली, आणि गुलाबच्या खपल्या पडायला अठरा दिवस लागले. दवाखान्यातल्या रेडिओवर त्यानं आपल्याच जहाजाच्या आघाडीच्या बातम्या ऐकल्या, अंगाला औषध फासून.

प्रेमदास त्या तेरा दिवसांत पाळीवर पाळी करत राहिला. गुलाबच्याही पाळ्या त्यानंच केल्या. कान त्याआधीच जायला लागले होते, ते तेव्हा पार गेले. पंचाहत्तर साली त्याला घरी पाठवलं. आणि शहात्तर साली बिल्ले आले. ज्यांची नावं लढाईच्या दिवसांत जहाजावर होती त्यांनाच तारा. गुलाबचं नव्हतं. जहाजावरच्या लिहिणाऱ्या बाबूनं यादी पाहिली, वर पाहिलं.

"तू भी वर्धा, ये सोमकुवर भी वर्धा. छुट्टी में दे देना. यहाँ दस्तखत कर."

त्या बाबूला वर्धा म्हणजे एक गाव वाटत असावं, एका आळीत गुलाब आणि दुसऱ्या आळीत प्रेमदास. गुलाबनं सही केली. सुट्टी एप्रिलात मिळाली.

आर्वीच्या बसमध्ये मोनालीनं विचारलं, "मग तेव्हाच का नाही गेलात तुम्ही?"

"तेरा तारखेले घरी आलो. चवदाले जयंती. फौजेतला माणूस वर्दी घालून मिरवणुकीच्या पुढं चालते, हे ठरेल असते आपल्या इथं. माह्या बापानं चार वर्षं साऱ्या वस्तीले सांगून ठेवलं होतं, माहा गुलाब लढून आला. मी पत्रात कांजण्याचं लिवलंच नोतं."

"का?"

"कसं लिवाचं पोरी? बाप दुसऱ्याच्या वावरात राबून लोकाइले सांगत होता." गुलाबरावांनी रुमालाची गाठ चाचपली. "बापानंच माह्या पेटीत बिल्ला पायला. म्हणे, हा काऊन ठेवला? लाव. अन् त्यानं आपल्या हातानं लावला. मी म्हटलं, एका दिवसाचं आहे. उद्या आष्टीले नेऊन देतो."

"आणि उद्या?"

"उद्या तुह्या आजीचा बाप आला, पोरगी पायाले या म्हणून."

मोनालीला हसू आलं, आणि मग आलेलं गेलं.

"त्याच्यानंतर एवढ्या सुट्ट्या झाल्या. मग रिटायर झालात, गिरणीत बॉयलरवर लागलात, तेही सोडलंत. आष्टी काय अमेरिका आहे?"

"दर साली जाचंच ठरवो. मंग चवदा एप्रिल ये. लोक म्हणत, बिल्ला लावा. एकदा लावला का पुन्हा एक साल वाढे. पयल्या साली नेला असता तर उशीर झाला म्हटलं असतं. दहा सालानं काय म्हणाचं?"

"आज काय म्हणणार आहात?"

"म्हणतो, वहिनी, उशीर झाला."

"आबाजी."

"मंग तू सांग."

बाहेर आर्वीच्या वाटेवर उघडी रानं होती आणि खिडकीतून येणारी हवा भाजत होती. गुलाबरावांना गरमीचं काही वाटत नव्हतं. ते थकले होते ते दुसऱ्याच कशानं. प्रेमदास गेला हे त्यांना गेल्या नोव्हेंबरात कळलं होतं, बँकेत हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत. आष्टीचा एक जण पुढं उभा होता. सहज म्हणाला, सोमकुवर जाऊन अकरा वर्षं झाली, बायको घेते पेन्शन. गुलाबराव तिथून घरी आले, जेवले, झोपले. कोणाला काही बोलले नाहीत. मोनालीनं बिल्ला उलटा केला नसता तर अजूनही बोलले नसते, हेही त्यांना ठाऊक होतं.

आष्टीत घर सापडायला वेळ लागला नाही. जयवंताबाई सोमकुवर ओसरीत पोत्यावर बसून चिंचा फोडत होत्या. एका बाजूला चिंचोक्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला गराचे गोळे. सत्तरीची बाई, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. पस्तीस-चाळीस वर्षं बहिऱ्या माणसाशी संसार केला की बाई तशीच बोलायला लागते.

"कोण पाह्यजे?"

"मी देवळीचा. गुलाब ताकसांडे. प्रेमदासच्या संगं होतो जहाजावर."

जयवंताबाईंचा हात थांबला नाही. एक चिंच फोडून झाली, दुसरी घेतली.

"बसा. नातीन का तुमची? बस वं पोरी, तिकून सावलीत. पाणी त्या रांजणात आहे, घे हातानं. माहे हात चिंचेचे आहेत."

मोनालीनं पाणी घेतलं, आजोबांना दिलं. गुलाबराव प्याले नाहीत. त्यांनी रुमाल सोडला आणि तारा पोत्याच्या कडेला ठेवला.

"वहिनी, हा प्रेमदासचा. मले देल्ला होता आणून द्याले. शहात्तर साली. मी नाई आणला. स्वतः लावत राह्यलो."

बसमध्ये जुळवलेलं काही आठवलं नाही. एवढंच निघालं.

जयवंताबाईंनी ताऱ्याकडे पाहिलं. चिंचेनं चिकट झालेली बोटं लुगड्याला पुसली, पण बिल्ला उचलला नाही.

"मले मालूम आहे," त्या म्हणाल्या. "तुमीच सही केलती. ह्याइनं मांगं अर्ज केलता, तर आफिसातून कागद आला. बिल्ला देल्ला, घेणाराचं नाव ताकसांडे. मास्तरनं वाचून सांगतला."

"कवा?"

"माही मोठी पोरगी पोटात होती. म्हणजे एक्याऐंशी असंन."

गुलाबरावांनी पाणी न पिताच पेला खाली ठेवला.

"मंग त्यानं मले काऊन नाई लिवलं?"

"मी म्हटलं, लिवा. म्हटलं, आपल्या गावात बेचाळीसचे शहीद, इथं लढाई म्हटलं का लोक पयले पुरावा पायतात. तुमी म्हणता लढलो, अन् दाखवाले काही नाई. पोट्टे मांगून चिडवत. ह्याइच्या सायकलच्या दुकानात येऊन मुद्दाम इचारत, काका, तोफ चालवली का? त्याइले ऐकू नाई ये, पण तोंडं दिसत ना. मी म्हटलं, जा अन् घेऊन या. तं म्हणत, येईन तो. सुट्टी भेटत नसंन."

"अन् मंग?"

"मंग गेले ना एकदा." जयवंताबाईंनी नवी चिंच घेतली. "तुमी नोकरी सोडून आले म्हणून कळलं, त्या साली. चवदा एप्रिलले देवळीले गेले. मी भाकरी बांधून देल्ली."

मोनालीनं आजोबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

"मले तर दिसला नाई," ते म्हणाले.

"तुमी पुढं होते, वर्दीत. हे मांगं, लोकाइत. सारी मिरवणूक संगं चालले म्हणे. भोजनदानाच्या पंगतीत जेवले, बुंदी होती. संध्याकाळी घरी आले. मी म्हटलं, आणला? तं असं केलं." त्यांनी मूठ हनुवटीखाली नेली आणि गुलाबरावांना 'तुह्या सासऱ्याले सांग'ची ती खूण पन्नास वर्षांनी दुसऱ्याच्या हातावर दिसली. "मले शिकवलं होतं त्याइनं सारं, हातानं बोलाचं. मले वाटलं, भांडण झालं. म्हटलं, काय झालं ते तोंडानं सांगा. तं म्हणे, काही नाई झालं. गुलाब आपल्या बापाच्या खांद्यावर हात टाकून चालला होता. बिल्ला बरा दिसते त्याले. राहू दे."

गल्लीतून कोणाची तरी शेळी आत डोकावली. जयवंताबाईंनी चिंचोका मारून ती घालवली.

"राहू दे म्हणे," त्या पुन्हा म्हणाल्या, यावेळी जरा कमी आवाजात, आणि तो आवाज त्यांना नीट जमला नाही. "त्याइले काय, म्हणून मोकळे झाले. चिडवणारे मले ऐकू येत होते. मरेपर्यंत ऐकले मी. मयतीलेबी एक जण म्हणे, फौजी होता म्हणे, खरं का खोटं कोण जाणे. मी पाणी पाजत होती तवा."

गुलाबराव ओसरीचा खांब धरून उठले, आणि उठल्यावर पुन्हा बसावंसं वाटलं तरी उभे राहिले.

"वहिनी, चवदा तारखेले आमच्या विहारात पाटी लागून राह्यली. माहं नाव आहे त्याच्यात, युद्धवीर म्हणून. तुमी येता का? गाडी पाठवतो. मी माइकवर सांगतो साऱ्याइले. मी दवाखान्यात होतो, लढाई प्रेमदासनं केली, त्याच्या अन् माह्या बी पाळ्या त्यानं केल्या. अन् हा तुमच्या हातात देतो, साऱ्याइच्या समोर. इथं ओसरीत देल्ला तर कोणाले दिसते?"

"आबाजी," मोनाली हळूच म्हणाली, "आधी त्यांना इथं तर घेऊ द्या."

"इथं देणं म्हणजे चोरून देणं झालं. घेतला बी चोरून." ते जयवंताबाईंकडे वळले. "नाई म्हणू नका. मले बोला, शिव्या द्या, मी ऐकतो. पण या. माह्या बायकोनंबी ऐकलं पाह्यजे. तुमी येसान ना?"

जयवंताबाईंनी मांडीवरचे चिंचेचे तुकडे झटकले. गराचे गोळे एकेक करून टोपलीत भरले, वर ओलं फडकं टाकलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या. टोपली कमरेवर घेतली, पदर डोक्यावर ओढला आणि पोत्याच्या कडेला पडलेला तारा ओलांडून उन्हात उतरल्या.

"वहिनी," गुलाबराव म्हणाले.

जयवंताबाई गल्लीच्या वळणाशी पोचल्या होत्या. त्या वळल्या नाहीत. टोपली एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली आणि बाजाराच्या रस्त्याला लागल्या.